चेंडूच्या पोटातली चिठ्ठी

१

चेंडूच्या कारखान्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत चेंडूतून हवा निघाली, दोरा निघाला, एकदा तर कोणाची तरी हरवलेली सुईही निघाली. पण चिठ्ठी कधी निघाली नव्हती.

ती निघाली समुद्रापलीकडे, कुठल्याशा घरात. चेंडू फुटला, घरच्यांनी कापून पाहिला, तर आतलं रबरी ब्लॅडर आणि कातडं यांच्यामध्ये घडी घातलेला कागद. त्यांनी तो चेंडू विकणाऱ्या कंपनीकडे पाठवला, कंपनीने फोटोसकट कारखान्याच्या धाकट्या मालकांकडे, आणि धाकट्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मंगळवारी सकाळी त्यांनी भिंगमावशींना बोलावणं धाडलं.

भिंगमावशी म्हणजे कारखान्याची जुनी तपासनीस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी जुनं भिंग अजून पिशवीत असायचं. टाका बघून शिवणाऱ्याचं नाव सांगायच्या. एकदा तर टाका बघून, "हिचं आज नवऱ्याशी भांडण झालंय," असंही सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक गुळगुळीत पितळी शिक्का लटकत असे. कारखान्याची पद्धतच तशी होती. तपासनीस निवृत्त झाला की त्याचा शिक्का सगळ्यांसमोर कानशीने घासून टाकायचा, म्हणजे मागाहून कोणी वापरायला नको. मावशींचा शिक्का थोरल्या मालकांनी, म्हणजे धाकट्यांच्या आजोबांनी, स्वतःच्या हाताने घासून दिला होता, आणि घासताना नाक ओढत होते.

"मावशी, वाचा," धाकटे मालक म्हणाले.

निळ्या पेन्सिलीने, हात ओळखता येऊ नये अशा सुट्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

'हा चेंडू मी शिवला. याचे मला अठरा मिळाले. त्यात घरी चपला नेल्या. तुम्ही हा केवढ्याला घेतलात? कळवा.'

"बरं मग? खोटं काय आहे यात?" मावशी म्हणाल्या.

"खरं-खोटं कोण विचारतंय! कंपनी म्हणते, शनिवारपर्यंत नाव कळवा. त्या माणसाला काढा, पुन्हा कामावर घेऊ नका. नाव नाही मिळालं तर सगळं काम पलीकडच्या मशीनवाल्या कारखान्याला देणार. दोनशे घरं आहेत, मावशी. मी तरी काय करू?"

"चेंडू कुठला?"

"जुन्या दिवसांचा चेंडू."

हा या वर्षाचा चमत्कार होता. बावीस वर्षांपूर्वी, एकाच हंगामात, कारखान्याने तपकिरी-पांढऱ्या तुकड्यांचा एक चेंडू शिवला होता. आता कंपनीला जुन्या दिवसांचा उमाळा आला आणि तिने हुबेहूब तसाच चेंडू पुन्हा मागवला. तिकडे तो एका शिवणाऱ्याच्या महिनाभराच्या शिलाईएवढ्या किमतीला विकला जायचा. जुन्या पद्धतीने हाताने तो शिवू शकणारी माणसं कारखान्यात तीनच उरली होती.

"म्हणजे तिघांपैकी एक," धाकटे मालक म्हणाले. "दरही यंदाचाच लिहिलाय. अठरा."

मावशींनी फोटोवर भिंग धरलं. चेंडू जिथे कापला होता, त्याच्या जवळच शेवटचा टाका दिसत होता. सगळे जण शेवटच्या गाठीला दोन वेढे देतात. या गाठीला तीन होते.

मावशींनी भिंग खाली ठेवलं. ती गाठ घालणारं माणूस आज कारखान्यात एकच होतं, आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं.

"काही दिसलं?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"फोटो अंधूक आहे. चेंडू मागवा," मावशी म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी तपासणीत केलेली ही पहिली लबाडी होती.

२

शिलाईचा हॉल तसाच होता. लांबलचक बाकं, गुडघ्यांत धरलेले लाकडी चिमटे, आणि दोन्ही हात पंखांसारखे पसरून दोरा ओढणारी माणसं. फक्त वास बदलला होता. पूर्वी दाराशीच मेणाचा वास यायचा. प्रत्येक जण आपला दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढून घ्यायचा, आणि घरी गेलं तरी बोटांना तो वास राहायचा. आता दोरा तयारच येत होता, आणि त्याला कसलाच वास नव्हता. मावशींना उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

धाकट्या मालकांचा पहिला संशय मास्तरांवर होता. मास्तर पूर्वी संध्याकाळच्या शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली आणि ते चेंडूकडे वळले.

"अक्षर चांगलं म्हणून माझ्यावर संशय?" मास्तर हसले. "मावशी, मी लिहिलं असतं तर दोन पानं लिहिलं असतं. चार ओळींत माझं भागतं का कधी?"

हे मात्र कोणालाही पटण्यासारखं होतं.

"आणि खरं सांगू? अठरा लिहायची मला लाज वाटली असती. मधे सव्वीसपर्यंत गेला होता दर, आठवतं? थोरले मालक पेढे वाटल्यासारखे हॉलभर सांगत फिरले होते. मग पलीकडे मशीनं आली. कंपनी म्हणाली, तिकडे स्वस्त पडतं. आपण चोवीस केले. मग तिकडचेही घाबरले, त्यांनी आणखी उतरवले. आपण बावीस. असं करत दोघांनी एकमेकांना खाली ओढलं. तिकडेही कोणी मास्तर असेलच की, आपल्या नावाने खडे फोडत."

दुसरा संशय वकीलबाईंवर. त्या काही वकील नव्हत्या. पण दिवाबत्तीपासून संडासाच्या कडीपर्यंत कशावरही भांडायच्या, म्हणून हे नाव पडलं होतं.

"चपलांचा टोमणा मीच मारला म्हणतात ना?" त्या आरी बाकावर आपटत म्हणाल्या. "अहो, अठरात चपला! कंपनीच्या तोंडावर मारलेली चपराक आहे ती. मला सुचली असती तर मी नाव घालून लिहिली असती, पत्त्यासकट! चोरून लिहायला मी काय घाबरते कोणाला?"

"घाबरत नाही, हाच तर सगळ्यांना त्रास आहे," मावशी म्हणाल्या, आणि वकीलबाई खूश झाल्या.

"पण मावशी, खरंच काढतील हो का एखाद्याला?" त्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं.

मावशी वळल्या. तिसऱ्या बाकावर मान खाली घालून शिवणाऱ्या बाईकडे त्यांचं लक्ष होतं. तिघांतली ती तिसरी, आणि ती त्यांची सून होती.

३

घरी दोघीच असायच्या. मुलगा परदेशात एका गोदामात खोकी उचलायचा. कधीकधी फोनवर म्हणायचा, "आई, आज तुमच्या कारखान्याचीच खोकी उतरवली," आणि तिघंही हसायची.

तीन वेढ्यांची गाठ ही मावशींच्या यजमानांची. मावशी त्यांना इतरांसारख्याच 'हे' म्हणत, आणि जाऊन अकरा वर्षं झाली तरी अजून 'हे'च म्हणत. दोन वेढ्यांची गाठ सुटते असं ह्यांचं म्हणणं. दोरा जास्त लागतो म्हणून थोरले मालक ओरडायचे, हे मान डोलवायचे आणि तिसरा वेढा द्यायचे. जाण्यापूर्वी वर्षभर त्यांनी सुनेला शेजारी बसवून हात शिकवला. त्यांच्या हातचं आता तेवढंच मागे उरलं होतं.

"सूनबाई," मावशींनी चहाचा कप पुढे सरकवत विचारलं, "तूच का गं?"

सुनेने कप उचलला नाही. "तुम्हालाही वाटतं?"

"गाठ तीन वेढ्यांची आहे."

"मग धाकट्या मालकांना सांगितलंत का नाही?"

मावशींनी पुढे सरकवलेला कप पुन्हा जवळ ओढला.

"आई, मी चिठ्ठी घातली नाही. पण तुम्ही माझं नाव झाकून ठेवलंत आणि उद्या दुसऱ्या कोणाला काढलं, तर मला ते अन्न गोड लागणार नाही. तुम्ही जे दिसतं ते सांगा. ह्या घरात तपासणी खोटी होत नाही, असं मामंजी सांगायचे."

ती ताडकन उठली, आणि दाराशी बसून चपलेचा तुटलेला अंगठा चेंडूच्या दोऱ्याने शिवू लागली. मावशींना वाटलं, आपण हिच्या तोंडावर संशय घ्यायला नको होता. पण तीन वेढे डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

४

शुक्रवारी सकाळी सून कामाला निघाली. चार पावलांवर अंगठा पुन्हा तुटला.

"नव्या घे ना एकदाच्या," मावशी वैतागून म्हणाल्या.

"अकरा चेंडू, आई! तीन दिवसांची शिलाई चपलांत घालू?"

कारखान्यातली माणसं कोणतीही किंमत चेंडूंत मोजायची. ती सवय कुठून लागली कोण जाणे, पण दुकानदारालाही ती ठाऊक होती. गॅस पन्नास चेंडूंचा, चष्मा साठ चेंडूंचा. भिंतीवरचं घड्याळ चाळीस चेंडूंचं, ते ह्यांनी लग्नाच्या दहाव्या वर्षी आणलं होतं.

"अकरा?" मावशी म्हणाल्या. "माझ्या लाल पट्ट्याच्या तर एका..."

त्या बोलता बोलता थांबल्या आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

"आई! काय होतंय?" सून धावली.

"काही नाही. मूर्ख आहे मी, दुसरं काही नाही. चल, मीही येते कारखान्यात. त्या तुटक्या चपला घालूनच चल."

वाटेत त्या झपाझप चालत होत्या. डोळ्यांपुढे एक संध्याकाळ उभी होती. हे दारात उभे, हात पाठीमागे लपवलेले, चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या मुलासारखं हसू. कागदात गुंडाळलेल्या लाल पट्ट्याच्या चपला. एक बोट मोठ्या. "माप न घेता कोणी चपला आणतं का!" म्हणून त्या केवढ्या रागावल्या होत्या. परत करायला हे काही तयार होईनात. शेवटी पुढे कापूस कोंबून त्यांनी त्या चार वर्षं घातल्या. निदान त्या दिवशी तरी रागवायला नको होतं.

५

पार्सल आलंच होतं. कंपनीने त्या गिऱ्हाइकाचं खोकं जसंच्या तसं पुढे पाठवलं होतं. धाकट्या मालकांच्या खोलीत मास्तर, वकीलबाई आणि सून भिंतीला टेकून उभी राहिली.

"आधी माझी लबाडी सांगते," मावशी म्हणाल्या. "शेवटची गाठ तीन वेढ्यांची आहे. ती मला मंगळवारीच दिसली होती. आज इथे तशी गाठ फक्त माझी सून घालते."

वकीलबाईंनी तोंडावर हात ठेवला. धाकट्या मालकांनी वही पुढे ओढली.

"लिहायची घाई करू नका. चिठ्ठी पुन्हा वाचा. 'त्यात घरी चपला नेल्या.' आपण सगळ्यांनी तो टोमणा समजला. का? तर अठरात चपला येत नाहीत, हे आपल्याला पाठ झालंय. पण लिहिणारा टोमणा मारतच नव्हता. मिळाले ते सांगितले, घेतलं ते सांगितलं. ज्याने लिहिलं, त्याला अठरात चपला खरोखर मिळाल्या होत्या. आता मला सांगा, आज कुठे मिळतात?"

"कुठेच नाही. अंगठा शिवून घ्यायलासुद्धा चांभार वीस मागतो," सून म्हणाली.

"मग ही चिठ्ठी आजची नाही."

"पण दर तर आजचाच आहे!" धाकटे मालक म्हणाले.

"त्यानेच तर आपल्याला फसवलं. अठरा दिसले आणि सगळे धरून चालले की यंदाचं. मास्तर, दर सव्वीस होता, त्याच्या आधी किती होता?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "तपकिरी-पांढरा चेंडू पहिल्यांदा शिवला, त्या वर्षी... अठरा. अहो, अठराच होता!"

मावशींनी चेंडू हातात घेतला आणि कापल्या जागेतून उलटा करायला सुरुवात केली. करता करता त्यांनी तो नाकाशी नेला आणि मग धाकट्या मालकांपुढे धरला.

"वास घ्या."

"मेण?" धाकटे मालक म्हणाले. "आजोबांच्या कोटाला हा वास यायचा."

"आताच्या दोऱ्याला येतो का?"

कातड्याच्या मागची बाजू वर आली. शिवण्यापूर्वी प्रत्येक चेंडूचे तुकडे तपासनीस बघायचा आणि एका तुकड्याच्या पाठीवर शिक्का मारायचा. मावशींनी भिंग धरलं. पुसट जांभळा गोल, आणि त्यात सातचा आकडा.

किल्ल्यांचं जुडगं त्यांनी टेबलावर ठेवलं. गुळगुळीत शिक्का चेंडूशेजारी येऊन पडला.

"सात नंबर माझा. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांनी घासून टाकला. यंदाच्या चेंडूवर तो येणार कसा? आणि नऊ वर्षांच्या आधी हा चेंडू एकदाच शिवला गेला, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा तीन वेढ्यांची गाठ घालणारं माणूस एकच होतं." त्यांनी शिक्का चेंडूला टेकवला. "तुकडे मी पास केले. शिवला ह्यांनी. चिठ्ठीही ह्यांचीच. चपला माझ्या होत्या."

सून पुढे आली आणि सासूच्या पायांशी बसली. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माफ कर गं," त्या पुटपुटल्या.

"मग कंपनीला कसं कळलं नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"तिथे यादीत हा चेंडू यंदाचा आहे ना! बावीस वर्षांपूर्वीचं तिथे कोण असणार? जुन्या दिवसांचा चेंडू विकतात, पण जुने दिवस पाहिलेलं माणूस त्यांच्याकडे एकही नाही."

६

धाकट्या मालकांनी सुटकेचा श्वास टाकला. "वा, मावशी! लगेच कळवतो. संबंधित माणूस हयात नाही, विषय संपला. तारखेचं वगैरे लिहायला नको."

"का नको?"

धाकटे मालक टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. "चेंडू बावीस वर्षांचा आहे असं लिहिलं, की चिठ्ठीतले अठराही बावीस वर्षांचे होतात. म्हणजे दर बावीस वर्षांपूर्वी होता तिथेच आहे, हे आपल्याच कागदावर येतं. त्यांना वाटेल मी भांडण उकरतोय. मावशी, मी मजा मारतोय असं समजू नका. दरवर्षी मी दर वाढवा म्हणतो, आणि दरवर्षी ते पलीकडचा आकडा दाखवतात."

"तारीख नसेल तर ते कसं मानतील? म्हणतील, मेलेल्या माणसाच्या नावावर ढकललं. मग पुन्हा ह्या तिघांतलाच एक." मावशींनी तपासणीचा कोरा कागद ओढला. "तपासणी अर्धी लिहायची मला सवय नाही."

त्यांनी सावकाश लिहिलं. चेंडू केव्हाचा. शिक्का कोणाचा. शिवणारा कोण, केव्हा वारला. शिलाईचा दर तेव्हा अठरा, आज अठरा. शेवटी 'दोष' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं: 'शिलाईत नाही.'

धाकट्या मालकांनी ते दोनदा वाचलं. "आजोबा असते तर काय केलं असतं?"

"आधी मला शिव्या घातल्या असत्या, मग नाक ओढत सही केली असती."

धाकट्या मालकांनी शिव्या घातल्या नाहीत. सही मात्र केली.

शनिवारी दुपारी कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं: प्रकरण बंद, ठरलेला माल वेळेवर पाठवा. दराबद्दल अवाक्षर नव्हतं. तिघांची कामं राहिली, दोनशे घरांच्या चुली राहिल्या, आणि दरही राहिला होता तिथेच. वकीलबाई पुढच्या बैठकीत मावशींचा तपासणीचा कागद फलकावर लावणार होत्या. त्यासाठी मास्तर तो मोठ्या अक्षरांत उतरवून काढत होते, आणि चार ओळींचा मजकूर दोन पानांवर गेला होता.

खोकं मावशींनी मागून घेतलं. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. घरी येऊन त्या खिडकीशी बसल्या आणि पिशवीतून निळी पेन्सिल काढली. अशाच पेन्सिलीने हे कातड्यावर खुणा करायचे. सून शेजारी येऊन बसली.

"ह्यांनी विचारलं होतं, कळवा म्हणून. बावीस वर्षं कोणी कळवलं नाही, कारण कोणापर्यंत पोचलंच नव्हतं," मावशी म्हणाल्या. "ह्यांना लपवून विचारावं लागलं. मी आपली उघड टपालाने विचारते. मास्तर तिकडच्या भाषेत करून देतील."

"दोन पानं करतील," सून म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग मावशींनी सुटी, ठसठशीत अक्षरं काढली:

'तुमच्या घरचा चेंडू माझ्या यजमानांनी शिवला होता. ते आता नाहीत. चपला एक बोट मोठ्या होत्या, पण फार टिकल्या. एका चेंडूला आजही अठराच मिळतात. चपला मात्र आता अकरा चेंडूंच्या झाल्या आहेत. तुम्ही तो केवढ्याला घेतला होता? कळवा.'